काढणीपूर्वीची काळजी आणि फुलदाणीतले आयुष्य : सोलापूरच्या पाण्यावर, सोलापूरच्या उन्हात

भीमाकाठ

सर्वांना नमस्कार. फुले काढल्यानंतर काय करावे यावर येथे पुष्कळ चर्चा झालेली आहे. बादलीत क्लोरीन किती असावे, साखरेचे द्रावण कधी द्यावे, दांडा तिरका कापावा की सरळ, हे सर्व उपयोगाचे आहे. तथापि ज्या दांड्यात काढणीच्या वेळीच अन्नाचा साठा तोकडा आहे, ज्याच्या पेशींच्या भिंती नत्राच्या माऱ्याने पातळ राहिल्या आहेत, त्या फुलाला बादलीतले पाणी फार दिवस तारू शकत नाही. म्हणून काढणीच्या आधीच्या तीन-चार आठवड्यांसाठी हा स्वतंत्र धागा सुरू करीत आहे.

मोहोळ तालुक्यात माझे दहा गुंठ्यांचे जरबेराचे हरितगृह आहे आणि शेजारच्या रानात शेवंती व निशिगंध असतो. माल पुण्याला आणि हैदराबादला जातो. जरबेराबाबत येणारी तक्रार जवळजवळ नेहमी एकच असते, ती म्हणजे फूल टवटवीत दिसत असतानाच मान टाकते. पाकळी सुकलेली नसते, रंग उतरलेला नसतो, पण फुलाच्या खाली चार बोटांवर दांडा वाकतो आणि गिऱ्हाईक ते फूल फेकून देते. ताज्या काढलेल्या जरबेराच्या दांड्यावरून अंगठा आणि तर्जनी खालून वर नेत गेल्यास हे कारण हाताला कळते. खालचा भाग घट्ट लागतो, वर जाताना तो मऊ होत जातो आणि फुलाच्या जरा खाली एक टापू असा येतो की तेथे दांडा दाबला जातो. त्या भागात काष्ठीभवन (पेशी लाकडासारख्या टणक होणे) पुरेसे झालेले नसते, त्यामुळे तो केवळ पेशींतील पाण्याच्या दाबावर उभा असतो. पाण्याचा पुरवठा थोडा जरी अडला, तरी सर्वांत आधी तोच ढासळतो.

माझे मत असे की आपल्या भागात हा टापू भक्कम करण्याचे काम फवारणीच्या डब्याने फार थोडे होते. ते मुख्यतः दोन गोष्टींनी होते. ठिबकमधून जाणारे पाणी कसे आहे ही पहिली, आणि फुलोऱ्याच्या काळात नत्र व पालाश (पोटॅश) यांचे प्रमाण काय ठेवले आहे ही दुसरी. जरबेराला फुलोरा सतत असतो, म्हणून शेवंतीप्रमाणे त्याचे नत्र एके दिवशी बंद करता येत नाही. परंतु फुले सुरू झाल्यावर पालाशाचे प्रमाण नत्राच्या दुपटीच्या आसपास ठेवले आणि नत्राचा बहुतेक भाग नायट्रेट स्वरूपात दिला, तर दांडा आखूड किंवा बारीक न होताही कणखर राहतो. अमोनियम स्वरूपातील नत्र जास्त झाले की पाने हिरवीगार दिसतात, फूलही मोठे येते आणि नेमके तेच फूल लवकर मान टाकते.

शेवंतीत गोष्ट सोपी आहे. कळीला रंग दिसू लागला की नत्र थांबवावे. तोवर झाडाने उचललेले अन्न कळी उमलायला पुरेसे असते. त्यानंतर दिलेले नत्र पानांना कोवळे ठेवते आणि अशी पाने पाण्यात ठेवल्यावर फुलाच्या आधी पिवळी पडतात.

आपापल्या रानातले अनुभव आणि शंका जरूर मांडाव्यात.

काळं_रान

भीमाकाठ दादा, विषय फार चांगला काढलात. मी अक्कलकोट रस्त्याला शेडनेटमध्ये जरबेरा घेतो. मला प्रत्येक सल्लागार कॅल्शियम नायट्रेट द्यायला सांगतो. माझी शंका अशी की आपल्या काळ्या रानात चुनखडीचे खडे हाताने वेचता येतील इतके असतात. माती तपासणीच्या अहवालातही कॅल्शियम भरपूर दाखवले आहे. मग त्याच रानातल्या फुलाला कॅल्शियम कमी पडते, हे कसे मानायचे? हा पैसा वाया तर जात नाही ना?

माती_पाणी

काळं रान यांची शंका रास्त आहे आणि माझ्या मते या धाग्याचा गाभाच ती आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

जमिनीत असलेले कॅल्शियम आणि फुलाच्या दांड्यात पोहोचणारे कॅल्शियम यांच्यात मोठा प्रवास आहे. नत्र किंवा पालाश झाडात एकदा शिरले की जुन्या पानातून निघून नव्या कळीकडे जाऊ शकतात. कॅल्शियमला ती सोय नाही. ते मुळांतून पाण्याबरोबर वर चढते आणि जेथे पाणी जाते तेथेच जाऊन बसते. पानांतून बाष्पोत्सर्जन जोरात होते, म्हणून बहुतेक कॅल्शियम पाने ओढून घेतात. जरबेराचा दांडा पानविरहित असतो आणि कळीतून पाणी फारसे उडत नाही, त्यामुळे दिवसभर चाललेल्या या ओढाताणीत त्यांच्या वाट्याला थोडेच येते. पेशींच्या भिंतींना एकमेकींशी सांधणारा जो थर असतो, तो कॅल्शियम आणि पेक्टिन यांच्या संयोगाने घट्ट होतो. तेथे कॅल्शियम कमी पडले की दांडा लवचिक राहतो आणि पाकळीवर राखाडी बुरशी सहज शिरते.

मग दांड्याला ते मिळते केव्हा? बऱ्याच अंशी रात्री. रात्री पाने शांत असतात, मुळे मात्र क्षार उचलून आत दाब निर्माण करतात आणि त्या दाबाने पाणी, त्याबरोबर कॅल्शियम, झाडाच्या सर्व कोवळ्या टोकांपर्यंत ढकलले जाते. पहाटे पानांच्या कडांवर जे थेंब दिसतात, ती याच मूळदाबाची खूण. आता सोलापूरचे रान आठवा. मुळांभोवतीचे पाणी खारवट असेल किंवा संध्याकाळी वाफसा हरवून माती कोरडी पडली असेल, तर हा रात्रीचा दाब तयारच होत नाही. त्यामुळे जमिनीत चुनखडी असूनही दांडा उपाशी राहतो. त्यातच बोअरच्या पाण्यात सोडियम जास्त असेल किंवा आपण पालाश व मॅग्नेशियम बेसुमार देत असू, तर ते मुळाशीच कॅल्शियमशी स्पर्धा करतात.

शिवाय चुनखडीतील कॅल्शियम म्हणजे कार्बोनेट. सामू (pH, म्हणजे आम्ल-विम्लतेचे माप) आठच्या पुढे असलेल्या मातीत ते फारच थोडे विरघळते. जरबेराला मुळांभोवती साडेपाच ते साडेसहा सामू लागतो, म्हणून तर आपण हरितगृहात काळी माती काढून लाल मातीचे गादीवाफे करतो. कॅल्शियम नायट्रेट पूर्ण विरघळते, त्यात सुमारे 18.8 टक्के कॅल्शियम आणि 15.5 टक्के नत्र असते, आणि हे नत्र जवळजवळ सर्व नायट्रेट स्वरूपात असते. तेव्हा तो पैसा वाया जात नाही, मात्र एका अटीवर: ते सल्फेट किंवा फॉस्फेट असलेल्या खतांच्या तीव्र द्रावणात कधीही मिसळू नये. दोन टाक्या वेगळ्या ठेवाव्यात. एकत्र केल्यास जिप्सम किंवा कॅल्शियम फॉस्फेटचा साका तळाशी बसतो, ठिबकची छिद्रे बुजतात आणि खताचा उपयोग होत नाही.

काळं_रान

सर, आभारी आहे. रात्रीच्या दाबाची गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. मग मी सध्या दुपारी दोन वाजता ठिबक चालवतो, ते संध्याकाळी करावे का?

माती_पाणी

सगळे पाणी संध्याकाळी देऊ नये. उन्हाळ्यात दिवसाचे पाणी तीन-चार हप्त्यांत विभागावे आणि शेवटचा छोटा हप्ता सूर्यास्ताच्या तास-दीड तास आधी द्यावा, म्हणजे रात्रभर मुळाशी वाफसा टिकतो आणि झाडाचा वरचा भाग कोरडा राहतो. पावसाळ्यात हा शेवटचा हप्ता गाळावा, कारण तेव्हा मुळे गुदमरण्याचा धोका मोठा असतो.

भीमाकाठ

माती पाणी सरांनी पाण्याचा मुद्दा काढला, त्याला माझ्याकडून एक जोड देतो.

आपल्याकडे वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो अपुरा म्हणून आपण नेहमी हळहळतो. परंतु दहा गुंठ्यांच्या हरितगृहाचे छप्पर म्हणजे सुमारे एक हजार चौरस मीटर. त्यावर पडणारे पाणी पन्हळीने एकत्र करून अस्तर टाकलेल्या तळ्यात साठवले, तर हिशेबाने ते पाच लाख लिटरच्या पुढे जाते. गळती आणि बाष्पीभवन वजा केले तरी चार लाख लिटर हाती राहायला हरकत नाही. दहा गुंठ्यांत साधारण सहा हजार झाडे असतात आणि त्यांना दिवसाला तीन ते चार हजार लिटर पाणी लागते. बोअरच्या पाण्यात निम्मे पावसाचे पाणी मिसळल्यास वर्षातला मोठा काळ निघतो आणि क्षार थेट निम्म्यावर येतात. माझ्या दृष्टीने काढणीपूर्व उपायांतला हा सर्वांत मोठा उपाय आहे, कारण बाकीचे सर्व उपाय याच पाण्यातून झाडापर्यंत जातात. हरितगृह उभारताना पन्हळी आणि तळे यांचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा, अशी नव्या शेतकऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे.

हरितगृह_बार्शी

ज्यांच्याकडे तळे नाही त्यांनी काय करावे? आमच्या बोअरच्या पाण्याची विद्युत वाहकताच, म्हणजे क्षारांचे माप, 1.4 येते. आम्ही आम्ल सोडतो, पण त्याने नक्की काय साधते हे कधी समजले नाही.

माती_पाणी

आम्लाने बायकार्बोनेट, म्हणजे पाण्याचा सामू चढा ठेवणारा क्षार, मोडतो. त्याचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतात व सामू खाली येतो. मात्र सोडियम आणि क्लोराइड जागच्या जागी राहतात, त्यामुळे आम्ल घातले म्हणजे खारे पाणी गोड झाले असे समजू नये.

पाण्याचा अहवाल हातात आला की प्रथम एक वजाबाकी करावी. कार्बोनेट आणि बायकार्बोनेट यांची बेरीज घ्यावी, तीतून कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची बेरीज वजा करावी. सर्व आकडे दर लिटरला मिलिइक्विव्हॅलंटमध्ये. उत्तर 1.25 च्या खाली असेल तर पाणी चांगले, 1.25 ते 2.5 असेल तर जपून वापरण्याजोगे आणि 2.5 च्या वर गेले तर त्या पाण्याने माती हळूहळू चोपण, म्हणजे घट्ट व पाणी न मुरणारी, होणार.

आता आम्लाविषयी, जे या धाग्याच्या विषयाशी थेट जोडलेले आहे. एक हजार लिटर पाण्यातला लिटरमागे एक मिलिइक्विव्हॅलंट बायकार्बोनेट मोडायला 60 टक्के तीव्रतेचे नायट्रिक आम्ल साधारण 75 ते 80 मिलिलिटर लागते. बायकार्बोनेट सहा असेल आणि आपण त्यातला पाच मोडला, तर आम्लातून लिटरमागे सुमारे 70 मिलिग्रॅम नत्र झाडाला मिळते. हे नत्र बहुतेक जण हिशेबात धरत नाहीत. खताचे वेळापत्रक पुस्तकाप्रमाणे चालू असते, आम्लाचे नत्र त्यावर वेगळे पडते आणि मग दांडा मऊ का येतो याचे कारण सापडत नाही. आम्लाचे नत्र खतातून वजा करावे. बायकार्बोनेट पूर्ण शून्यावर आणू नये. अर्धा ते एक मिलिइक्विव्हॅलंट शिल्लक ठेवल्यास सामू एकदम कोसळत नाही. आणि नेहमीची सूचना पुन्हा लिहितो: आम्ल पाण्यात घालावे, पाणी आम्लात कधीही घालू नये, हातमोजे आणि चष्मा वापरल्याशिवाय डबा उघडू नये.

फुलवाली_नवी_पेठ

मी शेतकरी नाही. नवी पेठेजवळ माझे फुलांचे छोटे दुकान आहे आणि रोज वेगवेगळ्या रानांतली फुले माझ्या हाताखालून जातात. दुकानातून जे दिसते ते सांगते, त्याचे कारण आपण जाणकारांनी सांगावे.

एकाच दिवशी, एकाच वाणाच्या, एकाच रंगाच्या दोन जुड्या येतात. एक चार दिवसांत मान टाकते, दुसरी आठवडा ओलांडते. माझ्याकडची बादली तीच, पाणी तेच, कापणारा हात तोच. तेव्हा फरक रानातूनच आलेला असणार, हे मला मान्य आहे. टिकणाऱ्या जुडीची एक खूण मी नेहमी पाहते. तिचे फूल दुसरीपेक्षा आकाराने बहुधा थोडे लहान असते आणि मधल्या चकतीतल्या बाहेरच्या दोन-तीन ओळी उमललेल्या असतात. न टिकणाऱ्या जुडीत चकती अजून घट्ट मिटलेली असते. भाव चढा असला की, विशेषतः सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत, अशी कच्ची फुले जास्त येतात.

शेवंतीचे वेगळे दिसते. फूल उत्तम असते, पण खालची पाने कडेकडून पिवळी होत आत सरकतात. पान उजेडासमोर धरले तर शिरा हिरव्या आणि मधली जागा फिकट दिसते. गिऱ्हाईक मग फूलही शिळे समजते. काही शेतकऱ्यांची शेवंती इतकी बुडापासून कापलेली असते की दांड्याचे टोक लाकडासारखे टणक असते आणि पाणी ओढतच नाही.

भीमाकाठ

ताई, आपण लिहिलेले प्रत्येक निरीक्षण शेतकऱ्याने रानाच्या दारावर लावून ठेवावे असे आहे.

जरबेराची काढणी चकतीतल्या बाहेरच्या दोन ते तीन ओळींतले परागकण दिसू लागल्यावरच करावी. त्याआधी दांड्याचा वरचा भाग वाढतच असतो, म्हणजे ज्या टापूविषयी मी सुरुवातीला लिहिले तो तेव्हा अगदीच कोवळा असतो. कच्चे फूल बादलीत ठेवून पिकत नाही. दांडा कापू नये, बुडाशी धरून किंचित फिरवून ओढावा, म्हणजे झाडावर खुंट राहून कुजत नाही; आणि नंतर त्याच्या टाचेचा टणक भाग दोन ते पाच सेंटिमीटर कापून टाकावा, कारण त्या टाचेतून पाणी चढत नाही.

शेवंतीत जमिनीपासून दहा सेंटिमीटर सोडून वर कापावे, म्हणजे लाकडी भाग रानातच राहतो. पाने पिवळी पडण्यामागे बहुतेक वेळा शेवटच्या आठवड्यांतले नत्र आणि दाट लागणीमुळे खालच्या पानांना न मिळालेला उजेड ही दोन कारणे असतात. शिरा हिरव्या आणि मधला भाग फिकट, ही खूण नव्या पानांवर दिसली तर लोहाची कमतरता समजावी. चुनखडीच्या रानात ती फार आढळते आणि तिच्यावर चिलेटेड लोह हाच उपाय आहे. आपण खालच्या पानांविषयी लिहिले आहे, तेथे मॅग्नेशियमचा संशय आधी घ्यावा लागेल.

गुलाब_पंढरपूर

आमच्याकडे हरितगृहात गुलाब आहे. आषाढी-कार्तिकीला सुट्या फुलांना मागणी असते, पण दांड्याचा गुलाब आम्ही बाहेर पाठवतो. एक अनुभव चक्रावून टाकणारा आहे. उन्हाळ्यात, जेव्हा झाडे त्रासलेली असतात, तेव्हा गुलाब बऱ्यापैकी टिकतो. पावसाळ्यात झाडे तजेलदार, पाने मोठी, दांडे लांब, आणि तरी तोच गुलाब फुलदाणीत दोन-तीन दिवसांत मलूल होतो. पाणी भरपूर ओढतो, तरी मलूल होतो.

माती_पाणी

पाणी भरपूर ओढूनही मलूल होणे, ही फार महत्त्वाची खूण आहे. दांडा तुंबलेला नाही, पाने पाणी धरून ठेवत नाहीत.

गुलाबाचे पान ज्या हवेत वाढते त्या हवेप्रमाणे त्याच्या पर्णरंध्रांना (पाणी उडून जाण्याच्या सूक्ष्म छिद्रांना) वळण लागते. रात्रंदिवस आर्द्रता 85 टक्क्यांच्या वर असेल, तर रंध्रांना मिटण्याची वेळच येत नाही आणि अशी पाने पुढे कोरड्या खोलीत गेली तरी रंध्रे नीट मिटत नाहीत. अंधारातही पाणी उडत राहते आणि दांड्यातून चढणारे पाणी त्याला पुरत नाही. हा दोष पान तयार होतानाच येतो, म्हणून काढणीनंतर तो दुरुस्त करता येत नाही. सोलापूर-पंढरपूरची हवा वर्षातला बहुतेक काळ कोरडी असल्याने हा प्रश्न उन्हाळ्यात येत नाही. जून ते सप्टेंबरमध्ये पडदे खाली सोडलेल्या हरितगृहात मात्र तो हमखास येतो, आणि फॉगर रात्रीही चालू ठेवल्यास इतर ऋतूंतही येऊ शकतो.

उपाय असा की दिवसातले काही तास तरी हवा खेळती आणि आर्द्रता उतरलेली राहील हे पाहावे. पाऊस थांबताच बाजूचे पडदे वर करावेत, फॉगर दुपारपुरताच ठेवावा. ढगाळ दिवसांत आतली सावलीची जाळी उघडी ठेवावी, कारण कमी उजेडात फुलाला कर्बोदकांचा साठा करता येत नाही आणि पावसाळी गुलाब टिकत नाही याचे ते दुसरे कारण आहे. पाकळीवर रात्रभर पाणी बसले नाही की राखाडी बुरशीचे ठिपकेही कमी होतात, जे रानात दिसत नाहीत आणि खोक्यात प्रवासात उमटतात.

गुलाब_पंढरपूर

हे वाचून आमच्या पावसाळी पडद्यांचे वेळापत्रक बदलतो आहे. पण आधीच्या पोस्टमध्ये आपण रात्रीच्या मूळदाबाविषयी लिहिले होते. रात्री हवा कोरडी केली तर त्यावर परिणाम होणार नाही का?

माती_पाणी

थोडा होईल. रात्री मुळाशी ओल आणि वर मध्यम आर्द्रता, तर दिवसा काही तास कोरडी हवा, असा समतोल साधावा लागतो. जरबेराच्या बागेत मी रात्रीची आर्द्रता थोडी वाढू देईन, गुलाबाच्या बागेत नाही.

निशिगंध_मंगळवेढा

निशिगंधावर कोणी लिहिलेले नाही म्हणून विचारते. आमच्याकडे दुहेरी वाणाच्या छड्या असतात. खालची चार-पाच फुले उमलतात आणि वरच्या कळ्या तशाच मिटलेल्या राहून गळतात. जिबरेलिक आम्लाची फवारणी करावी असे ऐकले आहे. तिने कळ्या उमलतील का?

भीमाकाठ

ताई, जिबरेलिक आम्लाने छडी लांब होते आणि फुलांची संख्याही वाढू शकते. साधारण 100 पीपीएम, म्हणजे लिटरला 100 मिलिग्रॅम, हे प्रमाण वापरले जाते. पावडर आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाण्यात मिसळावी लागते. पण छडी लांबल्याने वरच्या कळ्यांचे पोट भरत नाही. छडी कापली गेली की पानांकडून येणारी शिदोरी बंद होते आणि वरच्या कळ्यांना छडीत असेल त्यावरच उमलावे लागते. साठा कमी असताना कळ्यांची संख्या वाढवली, तर न उमलणाऱ्या कळ्यांचीच संख्या वाढेल. म्हणून आधी उन्हाचा आणि पालाशाचा विचार करावा, कांदे दाट झाले असतील तर ते उपटून नव्याने लागण करावी, आणि छडी खालची एक-दोन जोडी उमलल्याशिवाय कापू नये. निशिगंधाच्या मिटल्या कळ्या कापल्यानंतर फार कमी उमलतात आणि शीतगृहात जास्त दिवस ठेवल्यास आणखी कमी. दुहेरी वाणात ही अडचण जास्त जाणवते. एकेरी ‘प्रज्वल’ आणि दुहेरी ‘सुवासिनी’ शेजारी लावून पाहिल्यास फरक लगेच कळेल.

काढणी उन्हाळ्यात सूर्योदयाच्या सुमारास करावी. संध्याकाळी दांड्यात साखर जास्त असते हे खरे, परंतु आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी सहालाही फूल तापलेले आणि पाण्याने रिते झालेले असते. हिवाळ्यात मात्र निशिगंधाची संध्याकाळची काढणी करून पाहायला हरकत नाही.

काळं_रान

मला एक विरोधी मत मांडायचे आहे, राग नसावा. पाणी आणि खताची ही चर्चा योग्यच आहे, पण माझ्या मते वाणाचा वाटा यापेक्षा मोठा आहे. जरबेराचे काही वाण काहीही केले तरी मान टाकतात आणि काही वाण दुर्लक्ष केले तरी उभे राहतात. दुसरे म्हणजे, दुकानात मिळणाऱ्या टिकवण वाढवणाऱ्या फवारण्यांविषयी कोणी बोलत नाही. कॅल्शियम क्लोराइड, सॅलिसिलिक आम्ल, सिलिकॉन, या सगळ्याला काहीच अर्थ नाही का?

भीमाकाठ

राग कसला, दादा. वाणाचे महत्त्व मलाही पूर्ण मान्य आहे. परंतु वाण एकदा लावला की जरबेरा दोन-अडीच वर्षे तोच असतो, आणि त्या काळात आपल्या हाती पाणी व खतच राहते.

फवारण्यांना अर्थ आहे, मात्र कोठे आणि कशी, हे समजून. कॅल्शियम क्लोराइड लिटरला दोन ते पाच ग्रॅम या प्रमाणात फवारल्यास गुलाबात राखाडी बुरशी कमी होते, हे चांगले सिद्ध झालेले आहे. जरबेरात लोक पानांवर फवारतात. पानावर पडलेले कॅल्शियम पानातच राहते, ते दांड्याकडे वळत नाही, हे वर आलेच आहे. तेव्हा नोझल दांडा आणि कळी यांच्या रोखाने धरावे लागते, फवारा बारीक असावा लागतो आणि वेळ सकाळची असावी लागते, म्हणजे थेंब दुपारच्या उन्हात तीव्र होऊन पाकळीवर डाग पाडत नाहीत. उमललेल्या फुलावर ही फवारणी करूच नये. पाण्यातच क्लोराइड जास्त असेल तर क्लोराइडऐवजी नायट्रेट वापरावे.

सिलिकॉन, म्हणजे पोटॅशियम सिलिकेट, मला जास्त विश्वासाचे वाटते, कारण ते जरबेराच्या दांड्याची जाडी आणि ताठपणा वाढवते. पण त्याचा सामू फार चढा असतो, म्हणून ते इतर खतांत मिसळता येत नाही आणि आपल्या विम्ल पाण्यात आणखी सावध राहावे लागते. सॅलिसिलिक आम्लाचे परिणाम वाणागणिक बदलतात आणि मात्रा वाढली तर पाने भाजतात. आणि इथिलीन (फुलांना लवकर म्हातारे करणारा वायू) रोखणारी औषधे जरबेरा व शेवंतीसाठी घेऊ नयेत, कारण ही दोन्ही फुले इथिलीनला फारशी दाद देत नाहीत. कार्नेशनवाल्यांचा प्रश्न वेगळा आहे. ज्या बाटलीवर घटक छापलेले नाहीत ती मी रानात आणत नाही.

नवखा_कृषिपदवी

मी कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि घरच्या शेडनेटमध्ये संध्याकाळच्या पाण्याचा प्रयोग करून पाहण्याचा विचार आहे. टिकवण मोजायची कशी? आमच्या घरात एप्रिलमध्ये दुपारी 38 अंश असते.

माती_पाणी

प्रमाणित चाचणी 20 अंश तापमान, 60 टक्के आर्द्रता आणि बारा तास मंद उजेड यांत होते. ती सोय नसली तरी तुलना करता येते, कारण आपल्याला एका वाफ्याची दुसऱ्याशी तुलना करायची आहे, जगाशी नाही. घरातली सर्वांत थंड, पंख्याच्या झोतापासून आणि फळांपासून दूर असलेली खोली निवडावी. दोन्ही वाफ्यांतली फुले एकाच सकाळी, एकाच अवस्थेत, एकाच हाताने काढावीत. प्रत्येक फूल वेगळ्या स्वच्छ बाटलीत, एकाच उंचीवर कापून, एकाच भांड्यातल्या पाण्यात ठेवावे. त्या पाण्यात कोणतेही औषध घालू नये, नाहीतर रानातला फरक झाकला जाईल. बाटलीवर वाफ्याचे नाव न लिहिता फक्त क्रमांक लिहावा आणि क्रमांकाची यादी घरातल्या दुसऱ्या माणसाकडे ठेवावी, म्हणजे मोजणाऱ्याची नजर कोणत्याही बाजूला झुकत नाही. फूल कशाने संपले तेही लिहावे: मान टाकली, पाकळी सुकली की बुरशी आली. केवळ दिवस लिहिल्यास कारण कळत नाही.

नवखा_कृषिपदवी

सर, दोन्ही वाफ्यांना एकच ठिबकची मुख्य नळी आहे. चालेल का?

माती_पाणी

चालेल, पण प्रत्येक वाफ्याच्या तोंडाशी स्वतंत्र कॉक बसवावा. दिवसाचे एकूण पाणी दोन्हीकडे तेवढेच ठेवावे आणि फक्त त्याच्या वेळा बदलाव्यात. फुले मोजायला महिनाभर थांबावे, कारण आज उमललेल्या फुलाचा दांडा जुन्या पाण्यावर वाढलेला आहे. पहाटे पानांच्या कडांवर थेंब आले की नाही, याचीही रोज दोन्ही वाफ्यांतली नोंद ठेवावी.

भीमाकाठ

कॉक बसवताना ठिबकच्या शेवटच्या टोकाची झाकणे उघडून दोन्ही नळ्या एकदा धुऊन घ्या. आपल्या पाण्यात साका लवकर बसतो आणि एका वाफ्याला गुपचूप कमी पाणी मिळत राहिले तर सगळी तुलना बिघडेल. नोंदी येथेच टाकत जा, मीही माझ्या एका वाफ्यात याच पद्धतीने सुरुवात करतो.